जुन्या घरातील नळ : फुटण्यापूर्वी आणि फुटल्यावर

चेन्नईच्या पश्चिम मांबलम भागातील ज्या जुन्या घरात आम्ही भाड्याने राहतो, तेथे काही वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका पहाटे पाण्याच्या आवाजाने सर्वांना जाग आली. अर्धवट झोपेत पाऊस पडतो आहे असे वाटले. परंतु चेन्नईचा खरा पाऊस आश्विन-कार्तिकातला. दिवा लावून पाहतो तो गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लोखंडी नळी मागील भिंतीजवळ चिरली होती आणि पाण्याची धार थेट स्वयंपाकघराच्या दारावर आदळत होती. कोणी फडके गुंडाळले, कोणी बादली लावली, कोणी प्लंबरला उठवायला धावले. टाकीचा कॉक बंद करावा हे सुचायला बराच वेळ गेला. आणि सुचले तेव्हा तो कॉक जागचा हलेना, कारण कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

आमच्या घरमालकीणबाई तंजावरी मराठी घराण्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. सारे बिऱ्हाडकरू त्यांना आजी म्हणतात. त्या शांतपणे खाली आल्या आणि मोटार कोणी बंद केली आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. कोणीच केली नव्हती! टाकीतले पाणी उतरले की मोटार आपोआप सुरू व्हावी, अशी सोय मोठ्या हौसेने करून घेतलेली. तीच त्या पहाटे उलटली होती. टाकी रिकामी होत होती, मोटार ती पुन्हा भरत होती आणि अंगणाखालच्या हौदात साठवलेले दोन दिवसांचे पाणी आमच्या डोळ्यांदेखत गटाराला मिळत होते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. नळ फुटल्यावर कॉक शोधणे हाही त्यातलाच प्रकार. आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे पन्नास-साठ वर्षांची असतील. काहींची त्याहूनही जुनी. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार केला पाहिजे.

शहर आणि त्याचे पाणी

चेन्नईला बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. पूर्वी गाव विहिरींवर आणि तलावांवर जगत असे. १८७२ साली रेड हिल्स तलावाचे पाणी कालव्याने शहरापर्यंत आणण्यात आले. १९१४ साली किल्पॉक येथे वाळूच्या थरांतून पाणी गाळून ते नळांत सोडण्याची व्यवस्था झाली. १९४४ साली पूंडीचा जलाशय बांधून पूर्ण झाला आणि १९७८ साली पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. दरम्यान शहर पश्चिमेकडे व दक्षिणेकडे पसरत गेले. मैलापूरचा लांबच लांब तलाव होता, त्याच्या जागी १९२०च्या दशकात त्यागराय नगर वसले. १९६८च्या जागतिक व्यापार प्रदर्शनाच्या सुमारास अण्णा नगर आकाराला आले. एके काळची ही उपनगरे आज शहराच्या पोटात आली आहेत. पण त्यांतील जुन्या घरांच्या भिंतींत पुष्कळ ठिकाणी पहिल्या मालकाने बसविलेल्याच नळ्या अद्याप आहेत.

येथील घरात पाण्याचा प्रवासही लांबचा असतो. रस्त्यावरच्या नळवाहिनीतून पाणी कमी दाबाने येते, म्हणून ते प्रथम अंगणाखालच्या हौदात उतरवितात. याला येथे 'सम्प' म्हणतात. तेथून मोटार ते गच्चीवरच्या टाकीत चढविते आणि टाकीतून ते घरभर फिरते. अनेक जुन्या घरांच्या दाराशी हातपंपही असतो. तो विहिरीवर नसून थेट रस्त्याच्या नळवाहिनीला जोडलेला असतो. इतके टप्पे, इतके सांधे. आणि प्रत्येक सांधा ही गळतीची संभाव्य जागा.

नळी कशी झिजते?

जुन्या घरांतील बहुतेक नळ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात. हा मुलामा लोखंडासाठी स्वतः झिजतो. तो आहे तोवर लोखंड सुरक्षित असते. तो संपला की गंज धरू लागतो आणि तो आतून धरतो, म्हणून बाहेरून रंग दिलेली नळी धडधाकट दिसते. आत गंजाच्या गाठी वाढत जातात, पाण्याची वाट अरुंद होते आणि गाठीखालचे लोखंड पातळ होते. आट्यांच्या जागी नळी मुळातच कापलेली असते. त्यामुळे ती बहुधा तेथेच प्रथम दगा देते. लोखंडी नळीला पितळी कॉक जोडला असेल, तर दोन धातूंच्या संयोगाने जवळचे लोखंड अधिक लवकर खाल्ले जाते. समुद्रकाठची खारी हवा आणि कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी यांनी चेन्नईत या झिजेला आणखी हातभार लागतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील वाचकांनाही हा अनुभव असेल.

पाणी रोज थोडाच वेळ येत असेल तर नळी एकदा भरते, एकदा कोरडी पडते. कोरड्या नळीत हवा शिरते आणि गंज वाढतो. पाणी पुन्हा जोराने आले की सुटलेले पापुद्रे वाहत येऊन कॉक व वायसर खराब करतात.

नळी फुटण्यापूर्वी सूचना देत असते. सकाळच्या पहिल्या पाण्याला तांबूस रंग येणे. एका नळाची धार महिन्यामागून महिने बारीक होत जाणे. भिंतीवर ओलीचा डाग पडून चुन्याचे पोपडे सुटणे. सांध्याभोवती पांढरा खार जमणे. मोटार नेहमीपेक्षा वारंवार सुरू होणे. यांपैकी काहीही दिसल्यास दुर्लक्ष करू नये. शंका असेल तर रात्री सर्व नळ व मोटार बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी आणि सकाळी पाहावे. कोणी पाणी वापरलेले नसताना पातळी उतरली असेल, तर ते कोठे तरी मुरत आहे. हौदाचीही अशीच परीक्षा घ्यावी.

सेकंदाला एक थेंब ही गळती क्षुल्लक वाटते. परंतु दिवसाचे ८६,४०० सेकंद होतात. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला एकवीस लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे सात हजार नऊशे लिटर पाणी जाते. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी देणारे जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि त्या वर्षी जुलैमध्ये जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना थेंबाची किंमत निराळी सांगायला नको.

नळ फुटला तर

प्रथम मोटार बंद करावी. ती आपोआप चालणारी असेल, तर तिचा विजेचा मुख्य खटका खाली करावा. पाणी विजेच्या बटणांवर किंवा तारांवर उडत असेल, तर कोरड्या जागी उभे राहून घराचा मुख्य वीजप्रवाह तोडावा. मुख्य खटक्यापाशीच पाणी असेल तर त्याला हात न लावता दूर राहावे आणि वीज मंडळाच्या माणसांना बोलवावे.

दुसरे काम कॉकचे. टाकीतून येणारी नळी फुटली असेल तर टाकीखालचा, आणि रस्त्याकडून येणारी नळी फुटली असेल तर फाटकाजवळचा कॉक बंद करावा. टाकीचा कॉक अडकला असेल तर त्यावर पान्ह्याने जोर करू नये. जुना कॉक मोडला तर संकट दुप्पट होते. अशा वेळी टाकीच्या आतून नळीच्या तोंडात घट्ट गुंडाळलेल्या फडक्याचा बोळा बसवावा. आमच्या आजींनी त्या पहाटे हाच उपाय सुचविला आणि तो लागू पडला. त्यानंतर घरातील सर्वांत खालचा नळ उघडून नळीतले उरलेले पाणी बादल्यांत काढून घ्यावे.

चीर लहान असेल तर तात्पुरता इलाज घरी करता येतो. नळी कोरडी पुसून तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून दोन-तीन वेढे गुंडाळावा आणि वर तारेने किंवा पट्टीच्या पकडीने आवळावा. बाजारात मिळणारा दोन भागांचा लेप मळून लावला तरी चालतो. मात्र तो सुकेपर्यंत पाणी सोडू नये. प्लंबर येईपर्यंतची ही सोय आहे. गंजलेल्या नळीवरची पट्टी म्हणजे दुरुस्ती नव्हे. एका जागी चिरलेली नळी दुसऱ्या जागीही तितकीच पातळ झालेली असते.

खरे भय निराळेच

येथवर वाहून जाणाऱ्या पाण्याची गोष्ट झाली. आमच्या घरातील प्रकरण मात्र तेथे संपले नाही. नळी बदलली, हौद पुन्हा भरला आणि पाण्याला किंचित वास येऊ लागला. दुरुस्तीमुळे येत असेल, असे आम्ही मानले. चौथ्या दिवशी खालच्या बिऱ्हाडातील चार वर्षांच्या मुलीला जुलाब व उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी नाडी पाहण्यापूर्वीच, घरात पिण्याचे पाणी कोठून येते, असे विचारले. मीठ-साखरेच्या द्रावणाने व वेळेवर झालेल्या उपचाराने मुलगी बरी झाली. पुढे प्लंबरने फाटकाजवळ खणले, तेव्हा रस्त्याकडून येणारी नळी सांडपाण्याच्या नळीला अगदी चिकटून गेलेली आढळली आणि तिचा एक सांधा कुजून गेला होता.

नळीत पाणी दाबाने भरलेले असते तोवर भोकातून ते बाहेर पडते. पुरवठा थांबून दाब नाहीसा झाला, की त्याच भोकातून भोवतीच्या ओल्या मातीतले पाणी आत येते. एखाद्या घरी रस्त्याच्या वाहिनीला थेट मोटार लावून पाणी ओढले जात असेल, तर ही घाण अधिकच ओढली जाते. मोटार अशी जोडण्यास मनाई असण्याचे हे एक कारण आहे. त्यात शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी तर जातेच, पण त्याच्या आरोग्यावरही घाला येतो.

महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि तीत माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने पसरणारी ती कावीळ होती. हेपटायटिस ई नावाचा हा विकार गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. तेव्हा नळाच्या पाण्याला वास, गढूळपणा किंवा काळसर रंग येताच ते पिणे थांबवावे. घरगुती उपाय करीत न बसता पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार नोंदवावी आणि शेजाऱ्यांनाही कळवावे. दुरुस्तीनंतर हौद व टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरीने निर्जंतुक करून घ्यावी. खात्री होईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे व मग झाकून ठेवावे. हौदाचे झाकण जमिनीपासून थोडे उंच असावे. डिसेंबर २०१५च्या पुरात जमिनीलगत झाकणे असलेल्या हौदांत रस्त्याचे घाण पाणी सहज शिरू शकले.

आज करावयाचे काम

हा अंक खाली ठेवल्यावर घरातील मोठ्यांनी मुलांना बरोबर घेऊन एक फेरी मारावी. रस्त्याकडून येणारी नळी कोठून शिरते, कोणता कॉक कशाचा, मोटारीचा खटका कोठे, हे कागदावर साध्या आकृतीने काढावे आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवावा. प्रत्येक कॉकला नावाची चिठ्ठी बांधावी. तीन महिन्यांतून एकदा सर्व कॉक एकदा बंद करून पुन्हा उघडावे, म्हणजे ते धरून बसणार नाहीत. अंगणात फरशी घालताना कॉक तिच्याखाली गाडला जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

संपूर्ण घराच्या नळ्या एकदम बदलणे सर्वांना परवडत नाही. तेव्हा क्रम लावावा : आधी रस्त्याकडून हौदापर्यंतची नळी, कारण तिच्यात घाण शिरू शकते, मग टाकीतून उतरणारी, शेवटी स्नानगृहातील. नवी नळी भिंतीत न गाडता बाहेरून न्यावी, म्हणजे गळती डोळ्यांना दिसेल. प्लॅस्टिकच्या नळ्यांना गंज लागत नाही. पण साध्या प्लॅस्टिकची नळी उन्हाने ठिसूळ होते, म्हणून गच्चीवर तिला आवरण द्यावे, आणि गरम पाण्यासाठी त्या कामाची वेगळी नळी घ्यावी. लोखंडीच हवी असेल तर तिच्यावरील रंगाचा पट्टा पाहावा : पिवळा पट्टा हलक्या जातीचा, निळा मध्यम आणि तांबडा जाड नळीचा. पिण्याच्या पाण्याची नळी सांडपाण्याच्या नळीपासून दूर आणि तिच्याहून वरच्या पातळीवर असावी, एवढे तरी प्लंबरला बजावून सांगावे.

आमच्या घरी आता टाकीखाली नवा कॉक आहे आणि दारामागे आकृती आहे. ती खालच्या बिऱ्हाडातील त्याच मुलीने रंगविली आहे. दर तीन महिन्यांनी आजी तिला हाक मारतात आणि ती गच्चीवर जाऊन मोठ्या अधिकाराने कॉक फिरवून येते.