रोजा, तालीम आणि पावडरचा डबा

रमजान सुरू झाला की जिमचे वेळापत्रक बदलते. पहाटे गजबजणारी जागा ओस पडते आणि तरावीहची नमाज आटोपल्यावर रात्री पुन्हा वजने वाजू लागतात. कबड्डीपटू, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, हौशी व्यायामपटू, सगळ्यांच्या मनात धास्ती एकच: तेरा-चौदा तास पोटात पाण्याचा थेंब नाही, मग कष्टाने कमावलेले शरीर उतरणार तर नाही? याच धास्तीवर पावडरचे डबे खपतात. बीसीएए, ग्लुटामिन, एचएमबी, क्रिएटिन. नावे भारदस्त आणि किंमतही तशीच.

या सगळ्यांचे मूळ अमिनो आम्लांत आहे. अन्नातले प्रथिन पचले की त्याची अमिनो आम्ले होतात आणि त्यांतून शरीर स्नायूंची झीज भरून काढते. त्यांतली 9 आम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. बीसीएएच्या डब्यात त्या नऊपैकी फक्त 3 असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. यातले ल्युसिन स्नायूबांधणीला चालना देते हे खरे. पण गवंडी कामावर आला आणि विटाच नसल्या तर भिंत कशी उभी राहणार? बाकीची सहा आम्ले जेवणातूनच मिळतात आणि त्या जेवणात ही तीनही असतातच. ग्लुटामिन तर शरीर स्वतःच तयार करते. निरोगी खेळाडूला ते वरून घेऊन फायदा झाल्याचा ठोस पुरावा नाही.

एचएमबी हा ल्युसिनपासून शरीरात बनणारा पदार्थ. खाल्लेल्या ल्युसिनपैकी जेमतेम 5 टक्क्यांचे एचएमबी होते. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 1996 मध्ये त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि त्याचा बोलबाला झाला. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना त्याचा काही उपयोग दिसला. मुरलेल्या खेळाडूंच्या बाबतीत निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

क्रिएटिनची गोष्ट वेगळी. आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या तीन अमिनो आम्लांपासून शरीर ते बनवते; मांस-मासळीतूनही ते मिळते. थोड्या वेळात जोर लावायच्या कामात, म्हणजे वजन उचलणे, धाव घेणे, चढाई करणे यांत, त्याचा उपयोग अनेक प्रयोगांत दिसला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या 2018 च्या निवेदनात चांगला पुरावा असलेल्या मोजक्या पूरकांत त्याचे नाव आहे. रोज 3 ते 5 ग्रॅम पुरते आणि घ्यायची वेळ फारशी महत्त्वाची नाही, म्हणून रोजेदाराला ते इफ्तारनंतर घेता येते. बाजारातले क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून बनते, मांसापासून नव्हे. शाकाहारी खेळाडूंच्या स्नायूंत ते मुळात कमी असते, त्यामुळे त्यांना फरक अधिक जाणवू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

बाकी हिशेब ताटातच मांडता येतो. कसून व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिन पुरते. 60 किलोच्या मुलाला 84 ते 120 ग्रॅम. ते इफ्तार, तरावीहनंतरचे जेवण आणि सहरी अशा तीन वेळांत वाटायचे. एका अंड्यात 6 ग्रॅम, पेलाभर दुधात 6-7 ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये 25 ग्रॅमच्या पुढे. खिचडा तर यात बेजोड आहे. गव्हात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र शिजले की एकाची उणीव दुसरे भरून काढते आणि वर गोश्त असतेच. वरण-भाताचे आणि पुरणपोळीचे गणितही हेच. खरी अडचण अशी की इफ्तारला भजी, समोसे आणि सरबतावरच पोट भरते आणि सहरीला चहा-पाव खाऊन भागवले जाते. मग दिवसभराचा थकवा घालवायला डबा शोधला जातो.

डब्यात काय आहे हाही प्रश्न उरतोच. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने 2000 नंतरच्या काळात तपासलेल्या 634 पूरकांपैकी 94 मध्ये लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइडजातीचे पदार्थ सापडले होते. असे काही खेळाडूच्या नमुन्यात आढळले तर 'मला ठाऊक नव्हते' एवढ्याने तो सुटत नाही. शिवाय काही अमिनो आम्ले पिसे आणि केसांपासूनही काढली जातात, कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. हलाल पाहणाऱ्याने आणि माळकऱ्याने, दोघांनीही लेबल नीट वाचलेले बरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळायलाच सांगितले आहे.

कोल्हापूरच्या तालमींत दूध, तूप, बदामाची थंडाई हाच खुराक होता आणि त्यावर मल्ल घडले. रोजा ठेवूनही खेळ होतो. फेब्रुवारी 1995 मध्ये रमजान होता. रोजे ठेवून खेळणारा हकीम ओलाजुवान त्या महिन्यात अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ज्या घरात महिन्याचा खर्च मोजून-मापून होतो, तिथल्या आईने मुलाच्या हट्टापायी डब्याला पैसे काढण्याआधी सहरीच्या ताटात दोन अंडी, वाटीभर दही आणि डाळ वाढवून पाहावी. स्नायूंना लागणाऱ्या नऊही अमिनो आम्लांची सोय त्यातच आहे.