जुनी स्पॅनिश दुनळी घेताना

स्पेनच्या बास्क मुलखातलं एइबार हे बंदूककारांचं गाव. जुन्या दुनळीवर तिथल्या ‘आया’चं किंवा ‘उगार्तेचेआ’चं नाव दिसलं, तरी लगेच पैसे मोजू नका. आधी ती रिकामी असल्याची खात्री करा. मग नळ्यांखालचं लाकूड काढून, बंदूक मिटवून हलवून बघा. जराही खुळखुळली तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा. माझी लाडकी परीक्षा वेगळीच: नळ्या सुट्या करून हुकाला टांगायच्या आणि टिचकी मारायची. घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर मधल्या पट्टीचा डाख बहुधा शाबूत. बद्द आवाज आला तर तो सुटलेला असू शकतो. चेंबर 65 मिलिमीटरचं असेल तर त्यात 70चं काडतूस नकोच. नक्षीकाम मी सर्वांत शेवटी बघतो. नळीची जाडी जाणकाराकडून मोजून घेतल्याशिवाय सौदा करू नका.