कॅम्परव्हॅनची सहल : हौस मोठी, हिशेब आधी!



जूनच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की इथे पासिर रिसला आमच्या ब्लॉकखाली एक प्रश्न हमखास निघतो : "न्यूझीलंडला कॅम्परव्हॅन परवडते का हो?" आई-बाबा आणि मुलांना घेऊन आम्ही जाऊन आलो. अंदाजापेक्षा खर्च वाढला, म्हणून हा हिशेब तुमच्यासाठी.

सिंगापुरात अशी गाडी विकत घ्यायचा विचारच नको. गाडी बाळगण्याचं नुसतं प्रमाणपत्र, म्हणजे सी.ओ.ई., दहा वर्षांपुरतं मिळतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांसाठी त्याची बोली दीड लाख डॉलरवर पोहोचली होती! तेव्हा भाड्याचीच बरी.

जूनमध्ये तिथे हिवाळा. डिसेंबर-जानेवारीच्या मानाने भाडं बरंच उतरतं. पण दिवस लहान आणि घाटात बर्फ, म्हणून रोजचा पल्ला छोटा ठेवा.

भाड्याच्या आकड्यावर भुलू नका. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या गाड्यांना किलोमीटरमागे वेगळा रस्ता-कर असतो आणि मोठ्या व्हॅन बहुधा डिझेलच्याच असतात. आम्हाला हे गाडी परत करताना कळलं! अपघात झाल्यास विम्याआधी आपण भरायची रक्कम किती, तेही आधीच विचारा.

मुक्कामाला हॉलिडे पार्कात वीज, गरम पाणी मिळतं, पण पैसे बहुधा माणशी. सरकारी संवर्धन खात्याच्या साध्या जागा स्वस्त पडतात. आम्ही एक रात्र इथे, एक रात्र तिथे असं केलं. रस्त्याकडेला कुठेही फुकट झोपू नका, दंड होतो.

व्हॅनमध्येच वरण-भात केला की हॉटेलचा खर्च वाचतो. मात्र इथून नेलेला प्रत्येक खाऊ विमानतळावरच्या फॉर्ममध्ये लिहा, अगदी लाडवाचा डबासुद्धा. लपवलेलं सापडलं तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.

आणि जाण्याआधी रंगीत तालीम करा. नॅशनल पार्क्स बोर्डाचा परवाना काढून आम्ही पासिर रिस पार्कात एक रात्र तंबू ठोकला. तिथेच कळलं की आईला रात्री चढणं-उतरणं जमणार नाही. म्हणून व्हॅन निवडताना भाड्याच्या आधी आम्ही खालचा पलंग पाहिला. चार पैसे जास्त गेले, पण आई दहाही दिवस हसतखेळत फिरली. काटकसर कुठे करायची नाही, हेही हिशेबातच धरायचं, नाही का?