पिक्चर किती आठवडे चालला?

तिकीटबारी : लेखांक 6

‘हल्लीच्या पिक्चरमध्ये काही राम राहिला नाही’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात किंवा सोसायटीच्या बाकावर टाकून बघा. विरोध करणारा माणूस सापडणार नाही. आणि माना डोलावणारी हीच मंडळी रात्री जेवण झालं की टीव्हीवर काही ना काही लावून बसतात. म्हणजे बघणं कमी झालेलं नाही, उलट इतकं कुठल्याच पिढीने बघितलं नसेल. समाधान तेवढं गेलं.

गेल्या आठवड्यात आपण जत्रेतल्या तंबू थिएटरात होतो. या वेळी शहरात येऊ आणि ही तक्रार जरा उलटीपालटी करून पाहू. तक्रारी ठरलेल्या असतात: गोष्ट नाही, गोंगाट फार, तेच तेच रिमेक, संवाद ऐकूच येत नाहीत. सगळ्यात थोडंफार तथ्य आहे. पण ‘आमच्या वेळचे पिक्चर चांगले होते’ इथे गाडी अडकली, की पुढे जात नाही. आमच्या वेळचं वाईट होतं ते आपण विसरून गेलोय, एवढंच. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच्या मागून साड्या नेसून आलेले किती पुरुष आज आठवतात? रुचीच्या वादात शिरण्यापेक्षा मला हिशेबाची वही उघडलेली बरी वाटते.

पूर्वी पिक्चरचं यश आठवड्यांत मोजत. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत चौकट करून छापलेलं असायचं, ‘18 वा आठवडा, रोज 3 खेळ’. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 57 आठवडे चालला, हे चित्रपटाच्या इतिहासात आजही कौतुकाने सांगितलं जातं. दादा कोंडके यांचे ओळीने नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी ठरले, हा विक्रमही आठवड्यांचाच. आता दहावीतल्या मुलाला विचारा, ‘छावा’ने किती गल्ला जमवला? तो कोटींचा आकडा सांगेल, वर परदेशातला वेगळा सांगेल. किती आठवडे चालला, असं विचाराल तर तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मोजायचं माप बदललं की धंदा बदललेला असतो.

आठवड्यांच्या त्या धंद्याची मांडणी साधी होती. पिक्चर म्हणजे पत्र्याच्या डब्यांतली रिळं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर झळकलं, की मागून कोणीतरी हमखास रिळं मोजून ओरडायचा, आणि आकडा सतरा-अठरा असला की पैसे वसूल झाल्याचा आनंद व्हायचा. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच काढत. आधी मुंबई, मग पुणे, कोल्हापूर, नागपूर, आणि त्याच प्रिंट झिजत झिजत तालुक्याच्या गावी पोचायच्या. वितरक थिएटरला आठवड्याचं भाडं भरायचा. गल्ला ठरलेल्या रकमेच्या खाली गेला की पिक्चर उतरवला जाई. तोवर तो टिकून राही, आणि टिकला की लोक एकमेकांना सांगत.

‘शोले’चं उदाहरण द्यायलाच हवं. 15 ऑगस्ट 1975 ला तो मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला लागला तेव्हा पहिले काही दिवस व्यापारी मंडळींनी त्याला पडलेला पिक्चर ठरवून टाकलं होतं. शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवावं का, इथपर्यंत चर्चा गेली. मग लोकांनी लोकांना सांगितलं, आणि मिनर्व्हातून तो पाच वर्षं हलला नाही. आज ‘शोले’ तसाच्या तसा आला आणि शुक्रवार-शनिवार थंड गेला, तर सोमवारी त्याचे निम्मे खेळ कापलेले असतील. ‘हम आपके हैं कौन’ 1994 साली मुद्दाम मोजक्या थिएटरांत लावला गेला. मुंबईत लिबर्टीच्या बाहेर रांगा लागल्या, बातमी पसरली, आणि मग थिएटरं वाढवत नेली. तेव्हा वाट बघायला लावणं हासुद्धा धंद्याचा भाग होता.

वळण आलं ते पुढच्या दशकात. मल्टिप्लेक्स आली, पाठोपाठ डिजिटल प्रक्षेपण आलं. रिळांचे डबे गेले आणि एकच पिक्चर हजारो पडद्यांवर एकाच शुक्रवारी लावता येऊ लागला. लातूरच्या माणसाला मुंबईच्या बरोबरीने पहिल्या दिवशीचा पहिला खेळ मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. खरवडलेल्या प्रिंटवर दिवस काढलेल्यांनी तरी तिला नावं ठेवू नयेत. 2008 च्या नाताळात ‘गजिनी’ प्रचंड संख्येने पडद्यांवर लागला आणि देशात शंभर कोटींच्या पुढे गेला. तिथपासून शंभर कोटी हे क्लबाचं नाव झालं.

आणि मग 2009. त्या उन्हाळ्यात निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात असं जुंपलं, की एप्रिलपासून जूनपर्यंत मोठे हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. भांडण वाटणीचं होतं. तोडगा असा निघाला: कर वजा जाता तिकिटाच्या रकमेतला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे 30. ही चार आकड्यांची उतरंड मला आजच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ वाटते. निर्मात्याच्या जागी बसून बघा. तुम्ही पहिल्या शुक्रवारी तिकीट काढलंत तर शंभरातले पन्नास त्याचे, चौथ्या आठवड्यात गेलात तर तीस. मग तुम्ही पहिल्याच आठवड्यात यावं, जमल्यास पहिल्या तीन दिवसांत, यासाठी तो जिवाचं रान करणार. मल्टिप्लेक्सला उशिरा येणारा प्रेक्षक खरं तर परवडतो, पण त्याच्याकडे दर शुक्रवारी नवा माल येऊन पडलेला असतो, आणि त्याची मोठी कमाई पॉपकॉर्नच्या काउंटरवर होत असते.

पहिल्या तीन दिवसांत कोण येतो? ज्याने पिक्चर बघितलेला नाही, बघितलेल्या कोणाला विचारलेलंही नाही, असा माणूस. त्याला ओढायला गोष्ट उपयोगाची नाही, कारण गोष्ट बघितल्यावरच कळते. त्याला ओढतो चेहरा, आधी गाजलेलं नाव, ‘भाग 2’, टीझर, एखादं गाणं, नाहीतर एखादा वाद. म्हणजे पिक्चर बघण्याआधी विकायचा माल झाला. मग बघितल्यावरच ज्याची किंमत कळते, त्यावर पैसा आणि डोकं कोण खर्च करणार? पटकथेचा उत्तरार्ध, दुय्यम पात्रं, शेवट, सगळं उपेक्षित. ‘इंटरव्हलनंतर पिक्चर पडतो’ ही आपल्याकडची सनातन तक्रार आहे, आणि तिचं कारण लेखकाच्या आळसाइतकंच या वाटणीत आहे. तुम्ही इंटरव्हलपर्यंत पोचलात, याचा अर्थ तिकीट फाडून झालं.

दुसरी गोष्ट किमतीची. पुण्या-मुंबईत चौघांचं कुटुंब शनिवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सला गेलं की तिकिटं, पॉपकॉर्न, थंड पेय, पार्किंग धरून दीड-दोन हजारांना कात्री लागते. घरून डबा न्यावा तर तीही सोय नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ द्यायचे की नाही हा थिएटर मालकाचा अधिकार, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं; पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायला हवं, तेवढं मागून घ्या. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, त्यावरच्या तिकिटाला 18 कायम. शहरात शनिवारी संध्याकाळी शंभराच्या आतलं तिकीट कुठे मिळतं, हे कोणी कळवलं तर उपकार होतील.

स्टॉलला दोन-पाच रुपये मोजून बघितलेला सुमार पिक्चर आपण हसण्यावारी नेत होतो. पंखा होता, शेंगदाणे होते, तीन तास गेले, झालं. दोन हजार मोजल्यावर सुमार पिक्चर म्हणजे फसवणूक वाटते. पिक्चर तोच असेल, पण आपण आता त्याला माफ करत नाही. 23 सप्टेंबर 2022 ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभर 75 रुपयांत तिकीट दिलं, तेव्हा ऐन शुक्रवारी सकाळपासून थिएटरं भरली. पडद्यावर काही अजरामर कलाकृती लागल्या होत्या असं नाही. लागलेला होता तो दर.

मधला पिक्चर गेला तो यातूनच. मोठा नाही, फुटकळही नाही, एखाद्या गुरुवारी सहज जाऊन बघून यावा असा. आपण मनाशी ठरवून टाकलंय, ‘हा थिएटरचा’ आणि ‘हा घरी येईल तेव्हा बघू’. नेटफ्लिक्स जानेवारी 2016 मध्ये इथे आलं, प्राइम व्हिडिओ त्याच वर्षाच्या डिसेंबरात. 2020 च्या मार्चमध्ये थिएटरं बंद पडली आणि जूनमध्ये ‘गुलाबो सिताबो’ थेट घरात येऊन थडकला. आता मोठी मल्टिप्लेक्स हिंदी पिक्चरला आठ आठवड्यांची अट घालतात, मगच तो ओटीटीवर जावा म्हणून. प्रेक्षकानेही ती अट पाठ केली आहे. आठ आठवडे थांबायला त्याची काहीच हरकत नाही.

घरी बघणं कसं असतं, ते वेगळं सांगायला नको. कुकरच्या शिट्ट्या, मध्येच दाराची बेल, हातात फोन. कोण मेला, का मेला हे विचारायचं आणि दहा सेकंद मागे न्यायचं. करणारेही ते ओळखून आहेत. पात्र काय करतंय ते त्याने तोंडानेही सांगावं, म्हणजे फोनमध्ये डोकं घातलेल्याला कळेल, अशा सूचना ओटीटीकडून मिळाल्याचं अमेरिकेतल्या पटकथाकारांनी सांगितलं आहे. मग लक्ष देऊन बघणाऱ्याला संवाद बाळबोध वाटले तर नवल काय? एकीकडे थिएटरात खेचण्यासाठी कानठळ्या, दुसरीकडे घरच्या अर्धवट लक्षासाठी पुन्हा पुन्हा समजावणं. दोन्हीत आवाजच वाढतो.

‘लोकांना धीरच राहिला नाही’ हे मात्र मला पटत नाही. ‘अ‍ॅनिमल’ (2023) तीन तास एकवीस मिनिटांचा होता, आणि तो आवडो न आवडो, लोक बसले. ‘सैराट’ (2016) जवळजवळ तीन तासांचा. त्याचा पूर्वार्ध किती रमतगमत चालतो ते आठवा: विहीर, उसाचा फड, बुलेट, चिठ्ठ्या. ‘झिंगाट’ला लोक पडद्यासमोर जाऊन नाचले, काही ठिकाणी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. आणि त्याच पिक्चरच्या शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाज पूर्ण काढून घेतला. रडत निघालेलं मूल दिसतं, रडणं ऐकू येत नाही. जमिनीवर त्याची रक्ताळलेली पावलं उमटत जातात. इतका वेळ शिट्ट्या मारणारा प्रेक्षक त्या शांततेला बिचकला नाही. त्याला जे दिलं ते त्याने पेललं.

2023 च्या जून अखेरीस आलेला ‘बाईपण भारी देवा’ बघा. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, यावर पैज कोणी लावली असती? पहिल्यापेक्षा दुसऱ्या शनिवार-रविवारी गर्दी जास्त झाली. भिशीचे ग्रुप, शाळेच्या मैत्रिणी, जावा-नणंदा नऊवारी नेसून, गॉगल लावून दुपारच्या खेळांना येत होत्या आणि लॉबीत फुगड्या घालत होत्या. पिक्चर म्हणून तो मला मध्यम वाटला, पण त्या दुपारी थिएटर पुन्हा चारचौघींनी मिळून जायची जागा झालं होतं. ‘तुंबाड’ 2018 च्या ऑक्टोबरात आला आणि फारशी गर्दी न जमवता गेला. मग लोकांनी तो घरी बघितला, एकमेकांना सांगितला, आणि 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा थिएटरात लागल्यावर त्याने पहिल्या खेपेच्या दुपटीहून जास्त कमाई केली. जे ‘शोले’च्या बाबतीत काही आठवड्यांत झालं, त्याला ‘तुंबाड’च्या बाबतीत सहा वर्षं लागली, आणि तीही घराच्या आडवाटेने.

मराठी पिक्चरचं दुखणं या सगळ्यांत जास्त तीव्र आहे. 2015 साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम सक्तीचा करण्याची घोषणा केली. गदारोळ झाल्यावर ‘प्राइम टाइम’ म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9 अशी ऐसपैस व्याख्या निघाली. म्हणजे बुधवारी दुपारी साडेबाराचा खेळसुद्धा नियमात बसतो. तो रिकामा जातो, आणि रिकामा गेला म्हणून पुढचा खेळ मिळत नाही. निर्मात्याकडे पहिल्या तीन दिवसांचा ढोल वाजवायला हिंदीइतका पैसा नसतो. त्याची सगळी भिस्त तोंडी प्रसिद्धीवर, आणि तोंडी प्रसिद्धीला लागणारा वेळच या व्यवस्थेने काढून टाकलेला.

म्हणून वाचकांना एक विनंती. एखादा मराठी पिक्चर बघायचा असं मनात आलं असेल, तर ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणू नका. पुढच्या आठवड्यातले खेळ या रविवारच्या गल्ल्यावर ठरतात. आवडला तर त्याच रात्री चार जणांना कळवा, नाही आवडला तर तेही स्पष्ट सांगा. जमलं तर मंगळवार-बुधवारी जा, बऱ्याच ठिकाणी तिकीट स्वस्त असतं. पुढच्या लेखांकात एक पडदा थिएटरांच्या जागांचं काय झालं, ते पाहू.