कपाटातील कॅसेटी आणि घरगुती व्हिडिओ कारागिरी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत दोन-चार व्हिडिओ कॅसेटी आजही पडून असतील. कोणाच्या लग्नाची, कोणाच्या बारशाची, एखादी वस्तीतील जयंतीच्या मिरवणुकीची, तर एखादी संस्थेच्या स्नेहसंमेलनाची. घरातला व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला, तरी कॅसेट टाकून देण्यास मन धजत नाही. कारण तिच्यात आजीचा चेहरा आहे आणि तिने नातसुनेला मारलेली हाकही आहे. बँकेच्या नोकरीत मयत खातेदारांची कागदपत्रे मी नेहमी हाताळतो. माणूस गेल्यावर त्याची सही व छायाचित्र आमच्याकडे वर्षानुवर्षे राहते, पण त्याचा आवाज व चालण्याची लकब कोणत्याही दप्तरात राहत नाही. ती जतन करण्याची जबाबदारी घरच्यांचीच असते.

या कामात मदत करणारा एक छोटा व्यवसाय मोठ्या शहरांत व तालुक्यांच्या गावी दिसतो. बहुधा तो एकाच कुटुंबाचा असतो. वडिलांनी फोटो स्टुडिओ चालवला, पुढे लग्नाचे व्हिडिओ शूटिंग केले आणि आता मुले-सुना संगणकावर जुन्या कॅसेटींचे डिजिटल रूपांतर करतात. असा व्यवसाय कसा चालतो आणि हौशी माणसाला त्याचा कसा उपयोग होतो, याची माहिती सभासद व विद्यार्थी मित्रांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्हिडिओ आपल्या घरात कसा आला

सोनी कंपनीची बीटामॅक्स पद्धत १९७५ साली आणि जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस पद्धत १९७६ साली जपानमध्ये बाजारात आली. पुढे व्हीएचएसने बाजी मारली. भारतात १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंगीत दूरदर्शन सुरू झाले आणि त्यानंतर व्हीसीआरचा प्रसार वाढला. टीव्ही व व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहण्याचे ते दिवस वडीलधाऱ्यांना आठवत असतील. लग्नात खांद्यावर कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्यामागे झगझगीत दिवा धरून चालणारा पोऱ्या, हे दृश्यही त्याच काळातले.

१९९५ साली डिजिटल फितीची मिनीडीव्ही पद्धत आली व १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी आली. हळूहळू कॅसेट मागे पडली. घरगुती व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी म्हणजे जपानची फुनाई. सुटे भाग मिळेनासे झाले व खप घटला, म्हणून तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. आज जी यंत्रे चालू आहेत ती सर्व जुनी आहेत. एक यंत्र चालू ठेवण्यासाठी दुसऱ्याचे भाग काढावे लागतात. म्हणून अशा कुटुंबाच्या दुकानात माळ्यावर बंद पडलेल्या व्हीसीआरची रास दिसली तर तिला अडगळ समजू नये. ते त्यांचे भांडवल होय.

कॅसेट का बिघडते

व्हीएचएस कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची फीत असते व तिच्यावर लोहयुक्त चुंबकीय कणांचा थर चिकटवलेला असतो. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ही फीत सुमारे अडीचशे मीटर भरते. व्हीसीआरमधील गोल ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि त्यावरील दोन हेड फितीवर तिरक्या रेघा वाचतात. एका फेऱ्यात दोन अर्धी चित्रे, म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण चित्रे मिळतात. भारतात वापरात असलेल्या पाल पद्धतीचा हा हिशोब आहे.

कण धरून ठेवणारा चिकट थर हवेतील ओलावा शोषून कालांतराने कमकुवत होतो. आपल्याकडील पावसाळ्यात, विशेषतः मुंबई व कोकणात, फितीवर बुरशीही धरते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यास गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. हेड खराब होतो आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही बुरशी लागते.

ही चिंता केवळ आपल्या घरांपुरती नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१७ साली असा इशारा दिला की, २०२५ सालापर्यंत ज्या फिती डिजिटल होणार नाहीत त्यांतील बहुतेक कायमच्या गमवाव्या लागतील. २०१९ साली युनेस्कोनेही ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने चुंबकीय फितींविषयी जगाला सावध करणारा प्रकल्प हाती घेतला. ठरल्या तारखेला सर्व कॅसेटी एकाएकी पुसल्या जातील, असा याचा अर्थ नाही. फीत, यंत्र आणि यंत्र जाणणारा माणूस ही तिन्ही एकाच वेळी कमी होत चालली आहेत, हा खरा मुद्दा आहे.

कुटुंबातील कामाची वाटणी

अशा व्यवसायात जुन्या यंत्राचे ज्ञान वडिलांकडे असते. कॅसेटचे पाच स्क्रू काढून तुटलेली फीत जोडणे, ती चांगल्या खोक्यात बसवणे आणि हेड पुसणे ही कामे त्यांची. हेड पुसताना अल्कोहोलने ओले केलेले मऊ चामडे स्थिर धरून ड्रम हाताने हळू फिरवतात. वर-खाली घासल्यास नाजूक हेड तुटतो. कापसाची काडी तर वापरूच नये.

संगणकाची बाजू मुलगा किंवा सून पाहते. व्हीसीआरमधून निघणारी जुनी लहर कॅप्चर यंत्राद्वारे संगणकात घेतली जाते. मध्ये टाइम बेस करेक्टर नावाचे साधन लावतात. जुनी फीत थोडी ताणली किंवा आखडली गेलेली असते, त्यामुळे चित्राच्या ओळी वेळेच्या मागेपुढे येतात व उभे खांब वाकडे दिसतात. हे साधन प्रत्येक ओळ नीट वेळेवर बसवते.

या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवण्यास तीन तास लागतातच आणि मध्येच फीत अडकली तर पाहण्यास माणूसही जवळ हवा. दुकानदार सांगतो तो दर यंत्राच्या विजेचा नसून या वेळेचा व नजरेचा असतो, हे गिऱ्हाइकाने ध्यानात घ्यावे.

हौशी माणसाला पडणारे प्रश्न

ज्यांच्याकडे चालू व्हीसीआर व साधा संगणक आहे त्यांना चांगल्या स्थितीतील कॅसेटी घरीच उतरवता येतात. त्यासाठी लागणाऱ्या व्हर्च्युअलडब व एफएफएमपेग या आज्ञावली विनामूल्य आहेत. एफएफएमपेगची सुरुवात फ्रान्सचे फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० साली केली. घरी काम करताना काही शंका हमखास येतात. त्यांची उत्तरे अशी :

चित्राच्या अगदी खालच्या कडेला फाटल्यासारखी पट्टी दिसते. कॅसेट बिघडली की काय? नाही. एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम जाताना ती खूण उमटते. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जात असे. शेवटी तेवढी पट्टी झाकावी.

माणसे हालताच कडांना कंगव्यासारखे दाते का दिसतात? एक पूर्ण चित्र दोन अर्ध्या चित्रांचे असते व ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने मागेपुढे टिपलेली असतात. जुना टीव्ही ती आलटून पालटून दाखवी, संगणक मात्र एकत्र दाखवतो. यावर ‘डीइंटरलेस’ हा उपाय आहे. तो मूळ प्रतीवर न करता पाहण्याच्या प्रतीवरच करावा.

सगळे नातेवाईक जाडजूड का दिसतात? चार-तीन प्रमाणाचे चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर ताणल्यामुळे. प्रमाण चार-तीनच ठेवावे. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालेल.

फाइल किती मोठी होईल? काहीही न दाबता घेतल्यास तासाला सुमारे ७५ जीबी. माहिती न गमावता दाबणाऱ्या पद्धतीने साधारण निम्मी किंवा त्याहून कमी. एफएफव्ही१ ही अशी पद्धत असून २०२१ साली तिचे तपशील इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत प्रसिद्ध झाले. फोनवर पाहण्याची प्रत सेकंदाला ४ मेगाबिट दराने केली तर तासाला १.८ जीबी पुरते.

मिनीडीव्हीची फीत मुळातच डिजिटल आहे. ती फायरवायर जोडणीने जशीच्या तशी, तासाला सुमारे १३ जीबी, उतरवावी. संगणकास ती जोडणी नसल्यास दुकानाची मदत घ्यावी.

आणखी दोन सूचना. कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या कण्यावरील छोटी प्लास्टिकची पट्टी तोडलेली आहे ना, हे पाहावे. नसल्यास तोडावी, म्हणजे चुकून वर दुसरे काही मुद्रित होणार नाही. तसेच लग्नाच्या कॅसेटवर ‘मिक्सिंग’ करताना मूळ आवाज काढून चित्रपटगीते भरलेली असत आणि वधू-वर बदामात किंवा कमळात दाखवलेले असत. शूटिंगवाल्याकडे न जोडलेली मूळ कॅसेट शिल्लक असेल तर ती मिळवावी. माणसांचे खरे बोलणे तिच्यातच आहे.

हक्काविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काम करवून घेणाराच असतो. म्हणजे आपल्या लग्नाची फीत आपली. मात्र तिच्यात भरलेली चित्रपटगीते आपली नव्हेत. म्हणून अशी फीत यूट्यूबवर टाकल्यास गाण्याच्या मालकाचा दावा येऊ शकतो.

शिकवल्याने धंदा बुडतो का?

गिऱ्हाइकालाच सगळे शिकवले तर दुकान चालणार कसे, असा प्रश्न कोणीही विचारील. पूर्वी कारागीर आपली युक्ती घराबाहेर जाऊ देत नसत, त्यामागेही हीच भीती होती. परंतु या धंद्यात हिशोब वेगळा आहे. कपाटातील दहा कॅसेटींचा खर्च झेपत नाही म्हणून बहुतेक कुटुंबे एकही देत नाहीत. दुकानदाराने त्यांना सोप्या आठ घरी उतरवण्यास शिकवले, यंत्र तपासून दिले किंवा भाड्याने दिले, तर उरलेल्या दोन, म्हणजे बुरशीची व तुटलेली, याच दुकानात येतात. ज्याने एकदा स्वतः तीन तास बसून कॅसेट उतरवली आहे त्याला कारागिराच्या श्रमाची किंमतही कळते. तो मजुरीवरून घासाघीस करत नाही.

याहून मोठे कारण असे की, शिल्लक कॅसेटी फार आहेत आणि जाणते हात थोडे. एका कुटुंबाने रात्रंदिवस काम केले तरी तालुक्यातील सर्व फिती त्याच्या हातून उतरणार नाहीत. विद्या स्वतःपाशी ठेवली तर ती यंत्रांबरोबरच संपेल. वाटली तर चार घरांतील आठवणी वाचतील.

जतनाचा जमाखर्च

रूपांतर झाले म्हणजे काम संपले, असे नाही. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीतील रंगद्रव्य कालांतराने उडते, त्यामुळे केवळ तबकडीवर विसंबू नये. जाणकार सांगतात तो नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या घरी. बँकेत दिवसअखेर रोकड व खाते जुळवतात, तशी वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहावी. मूळ कॅसेट टाकून देऊ नये. ती शेवटपर्यंत गुंडाळून, उभी, कोरड्या जागी ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र कोणतेही दुकान करू शकत नाही. चित्रात कोण कोण आहे, गाव कोणते, साल कोणते, ढोल वाजवणारा कोण आणि पंगतीत वाढणारी ती बाई कोणाची कोण, हे घरच्या व वस्तीच्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. ही नावे लिहिली नाहीत तर पन्नास वर्षांनी स्वच्छ, सुंदर, परंतु अनोळखी चेहऱ्यांची फाइल तेवढी उरेल. साध्या माणसांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीत. ती आपल्या वहीत तरी यावीत.

विद्यार्थी मित्रांना विनंती आहे की, येत्या सुट्टीत घरातील एक कॅसेट खाली काढावी आणि खिडकीतून बुरशी आहे का ते पाहावे. स्वतःला जमेल तर स्वतः, नाही तर जाणकाराकडून ती उतरवून घ्यावी. मग आजोबांना किंवा आत्याला शेजारी बसवून, चित्र थांबवत थांबवत, वहीत एकेक नाव लिहावे. संस्थेच्या जुन्या कार्यक्रमांच्या फिती ज्यांच्याकडे असतील त्यांनीही त्या वेळीच बाहेर काढाव्यात. यंत्र जुने झाले तरी दुरुस्त होईल, पण नावे सांगणारी माणसे फार काळ थांबणार नाहीत.