दुसऱ्याच्या नावाचं दुकान : आधी हिशेब, मग सही



शेतीला जोड म्हणून बाजारपेठेत आइस्क्रीमचं किंवा बेकरीचं दुकान टाकावं, असं पुष्कळांच्या मनात येतं. नामांकित कंपनीचं नाव लावून असं दुकान चालवणं म्हणजे फ्रँचायझी. पाटी कंपनीची, जागा, भांडवल आणि नुकसान आपलं. नावामुळे गिऱ्हाईक लवकर येतं, हे खरं. पण त्याचं मोल द्यावं लागतं: सुरुवातीला फी आणि बऱ्याच कंपन्यांत दरमहा रॉयल्टी.

ही रॉयल्टी बहुधा विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे. समजा, महिन्याची विक्री १,००,००० रुपये. माल ७५,०००, रॉयल्टी शेकडा ५ प्रमाणे ५,०००. भाडं, वीज, नोकर मिळून १८,०००. हाती उरले २,०००. विक्री ८०,००० वर आली, तर माल ६०,०००, रॉयल्टी ४,०००. पण १८,००० चा खर्च तसाच. म्हणजे २,००० घरातून घालायचे. बँकेचा हप्ता वेगळाच!

सही करण्यापूर्वी विचारा:
१) कराराची मुदत किती?
२) उरलेला माल परत घेणार का?
३) त्याच बाजारात दुसऱ्याला दुकान देणार का?
४) अनामत केव्हा परत मिळेल?

जुन्या दुकानदाराला भेटून पावसाळ्यातली विक्रीही विचारा.

बनावट जाहिरातींपासून सावध राहा. अमूलच्या नावाने खोट्या फ्रँचायझी देणाऱ्यांविरुद्ध २०२० मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. ऑनलाइन फसगत झाली, तर ताबडतोब १९३० वर फोन करा.