तंटामुक्ती आणि पुनःस्थापक न्याय

गुन्हा हा केवळ राज्याच्या आज्ञेचा भंग मानला, तर शिक्षेने प्रकरण संपते. तो माणसाची हानी मानला, तर भरपाईवाचून संपत नाही. ही दुसरी दृष्टी म्हणजे पुनःस्थापक न्याय होय. १५ ऑगस्ट २००७ रोजी हिंगोली जिल्ह्यासह राज्यभर सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम तिच्या बरीच जवळ जाते. बांधाचे वाद, किरकोळ मारहाण असे आपसांत मिटविण्याजोगे तंटे गावची समिती सामोपचाराने सोडवी. मात्र तंटामुक्त ठरलेल्या गावास शासन पारितोषिक देई. तेव्हा तडजोडीची निकड पीडितास अधिक की गावास, हा प्रश्न उरतोच. कोरलेला बांध शेजाऱ्याने पूर्ववत करून दिला, तर हानी भरून निघते. दुबळ्या पक्षाने भिडेखातर सही केली, तर मिटते ते केवळ कागदावरचे प्रकरण. जुन्या गोतसभेतही ही भीड नव्हती, असे मानण्याचे कारण नाही.